पुतळ्याला डबा कशाला?

आमच्या शाळेत कवितेवरचा प्रश्न ठरलेला असायचा. कवितेतली एक वस्तू उचलून द्यायचे आणि तिचा अर्थ विचारायचे. पिंजरा आला की पारतंत्र्य लिहायचं, दिवा आला की आशा, वाट आली की आयुष्य. हे सगळं इंग्रजीतून. मराठी आम्हाला तिसरी भाषा होती आणि तिच्यातल्या कविता आम्ही नुसत्या पाठ करायचो. त्या प्रश्नांनी माझी एक समजूत पक्की करून टाकली होती. रूपक म्हणजे कुलूप. ज्याला शिकवलंय त्यालाच ते उघडता येतं, बाकीच्यांना पिंजरा दिसतो आणि ते पान उलटतात.

ही समजूत मला सोयीची होती. मी फारशी बोलत नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या मानेवर लाल चट्टे उठतात, म्हणून मी उन्हाळ्यातही ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घेते. मनातलं एखाद्या वस्तूत ठेवून द्यावं, वस्तू सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी आणि किल्ली आपल्याकडे, हे मला बोलण्यापेक्षा कितीतरी बरं वाटायचं.

मागच्या पावसाळ्यानंतर मी रविवारच्या एका वर्गात नाव घातलं. कविता आणि दृश्य कसं वाचायचं, असा तो वर्ग होता. कसबा पेठेत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खराडीहून बसने यायचं आणि मग गल्ल्यांमधून चालत. आठवडाभर मी खराडीतल्याच एका ऑफिसात सॉफ्टवेअरच्या सूचना लिहिते, ‘हे बटण दाबा’ छापाच्या, इंग्रजीत. मराठीत काहीतरी करावं असं फार वाटत होतं, आणि मराठीत बोलायला लागू नये असंही तितकंच वाटत होतं. वर्गात मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचे.

वर्ग घेणारे सर कॉलेजातून निवृत्त झालेले. आवाज बारीक, बोलणं त्याहून बारीक कापणारं. सगळ्यांना अहो-जाहो करायचे आणि अहो-जाहो करूनच सोलायचे. त्यांची एक पद्धत होती. ज्याचं काम दाखवायचं त्याने पुढे पडद्याशेजारी, लोकांकडे तोंड करून बसायचं. काम दोनदा दाखवणार. मग लोक त्यावर बोलणार आणि करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हो नाही, नाही नाही, मानसुद्धा हलवायची नाही. सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी त्याला बोलायला मिळणार.

“पडदा बाकीचे बघतील,” सर म्हणायचे, “तुम्ही माणसं बघा. तुमच्या कवितेला काय झालंय ते त्यांच्या चेहऱ्यावर कळतं.”

हिवाळ्यात सरांनी शेवटचं काम दिलं. स्वतःची छोटी कविता आणि तिच्यावर मोबाइलवर केलेली चार मिनिटांची फिल्म. मी पुतळा निवडला. वर्गाला येताना एका गल्लीत कपड्यांचं दुकान लागायचं. दुकानदार रोज सकाळी एक पुतळा बाहेर आणून ठेवायचा. इस्त्रीचा फॉर्मल शर्ट, पँट, आणि मानेच्या वर काही नाही. वाऱ्याने पडू नये म्हणून त्याच्या कमरेला सुतळी बांधून ती शटरच्या कडीत अडकवलेली असायची. संध्याकाळी सुतळी सोडून त्याला काखेत मारून आत न्यायचे. मला त्याची गंमत वाटायची, एवढंच. त्यात कुणी माणूस नव्हता.

पुतळा बाहेर काढतानाचं चित्रण रविवारी मिळत नव्हतं, म्हणून एका गुरुवारी मी रजा घेतली. दुकानदाराला काय सांगायचं याची वाक्यं बसमध्ये घोकली होती, पण त्याने नुसता हात हलवला आणि चित्रण झालं. दुपारी मी पाणी प्यायला शेजारच्या देवळाच्या आवारात गेले. तिथे एक नळ आहे. नळापाशी पाठमोरा एक माणूस वाकून डबा धूत होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. गळ्यातलं ओळखपत्र भिजू नये म्हणून त्याने खिशात खोचलं होतं. डब्याचं झाकण धुतलं, मग झाकणाची रबराची कडा काढून वेगळी धुतली आणि पुन्हा बसवली.

ते माझे बाबा होते.

बाबा हिंजवडीला एका कंपनीत टेस्टिंगमध्ये होते, मी शाळेत असल्यापासून. सकाळी चौकात कंपनीची बस यायची आणि अंधार पडल्यावर त्यांना तिथेच सोडायची. गुरुवारी दुपारी ते कसबा पेठेत असायचं काही कारण नव्हतं. मी खांबाआड झाले. त्यांनी डबा रुमालाने पुसला, पिशवीत ठेवला आणि आवाराच्या कोपऱ्यात मोफत वाचनालय आहे तिथे बूट काढून आत गेले. दारातल्या म्हाताऱ्या माणसाने न विचारता त्यांच्या हातात पेपर दिला. मला सगळ्यात भीती त्या न विचारण्याची वाटली. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मग मला घरातली एक गोष्ट आठवली. दिवाळीनंतर बाबांचा डबा धुतलेला यायला लागला होता. आई खूश होती. “सुधारले हो,” शेजारच्या काकूंना ती जिन्यात सांगायची. “इतकी वर्षं बोंबलून सांगितलं, आता कुठे कानात शिरलं.” ऑफिसात गरम पाण्याची सोय केलीय, असं बाबांनी तिला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळेला घरी आले. ट्रॅफिक फार होतं म्हणाले. वाकडपर्यंत बस हललीच नाही म्हणाले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. सांगावं असं वाटत नव्हतं असं नाही. पण रोज सकाळी ते बूट पॉलिश करून, ओळखपत्र गळ्यात घालून निघायचे आणि तेवढ्यावर ते उभे होते असं मला दिसत होतं. पुतळ्याची सुतळी सोडली की तो काय करतो ते मी त्याच दिवशी चित्रित केलं होतं. तो सरळ पुढे कलतो.

त्यानंतरचे आठवडे मी लिफ्टच्या आवाजावर काढले. बाबांना दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला तरी माझी बोटं गार पडायची. पेपरातल्या बातम्या मी वाचायचं सोडलं होतं, कारण नोकरी गेलेल्या माणसांच्या बातम्यांचा शेवट मला माहीत होता. आईला सांगितलं आणि बाबांना कळलं की आईला कळलंय, तर ते दुसऱ्या दिवशी घरातून निघून कुठे जातील, हा विचार आला की मी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत बसायचे.

आणि कविता लिहिली. पुतळ्याचीच. तिच्यात ना बाबा होते ना हिंजवडी, ना नळ.

रोज सकाळी त्याला बाहेर उभं करतात
इस्त्रीच्या शर्टात.
रस्ता त्याच्याकडे बघत नाही
म्हणून तो रस्त्याकडे बघतो.
संध्याकाळी तो परत येतो.
त्याचा डबा धुतलेला असतो.

शेवटची ओळ मी अनेकदा खोडली. खोडली की कविता नुसती दुकानाची व्हायची, म्हणून पुन्हा लिहायचे. डबासुद्धा लोक रूपकच समजतील असं मला वाटलं. शाळेत कुणी डब्याला डबा म्हटलेलं मी पाहिलंच नव्हतं.

फिल्म पाठवून दिली, आणि मग सरांनी जाहीर केलं की शेवटच्या रविवारी प्रत्येकाने घरच्यांना आणायचं. “आपण काय करता ते त्यांनाही कळू दे. नाहीतर ते समजतात आपण देवदर्शनाला येता.”

मी घरी सांगितलं नाही. पण सरांनी शनिवारी वेळ कळवायला फोन केला तेव्हा मी आंघोळीला गेले होते आणि फोन आईने उचलला. बाहेर आले तर आई कपाटातून साडी काढत होती.

“एवढं मोठं सिनेमाचं करून बसलीस आणि घरात पत्ता नाही! अहो, ऐकलंत का? उद्या हिची फिल्म आहे. जायचंय आपल्याला.”

बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. “कुठे?”

“कसबा पेठेत.”

पेपर खाली आला नाही. पेपरामागून ते म्हणाले, “उद्या रविवारच आहे. जाऊ की.”

मी आत जाऊन सरांना फोन केला. माझी फिल्म नको दाखवायला, असं एवढंच बोलायचं होतं आणि तेही मी अडखळत बोलले.

“काम लाजण्यासारखं झालंय का?” सरांनी विचारलं.

“नाही... तसं नाही.”

“मग बसा उद्या पुढे. लाजण्यासारखं असतं तर मीच काढलं असतं, आपल्याला तसदी नसती दिली.”

रविवारी हॉल भरला होता. आई दुसऱ्या रांगेत, हिरवी साडी, पर्स मांडीवर. तिच्या शेजारी बाबा. इथे येताना ते गल्लीत एका पावलाने आमच्या मागे चालत होते, देवळाच्या बाजूला बघत नव्हते. मला त्या गल्लीतला प्रत्येक माणूस त्यांना हाक मारेल असं वाटत होतं. कुणी मारली नाही.

माझा नंबर आल्यावर मी पडद्याशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. दिवे घालवले. पडद्यावर दुकानाचं शटर वर जाताना आवाज झाला आणि त्या उजेडात सगळे चेहरे मला एकदम दिसले. आई हसत होती, फिल्म बघून नव्हे तर माझा आवाज मोठ्या स्पीकरवरून ऐकून. बाबांचा चेहरा साधा होता. डब्याची ओळ आली. बाबांनी पडद्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पण त्यांना कळलं होतं. मला वाटलं आता ते उठून जातील, जिना उतरतील आणि मी इथे तोंड बंद करून बसलेली असेन.

ते उठले नाहीत. फिल्म दुसऱ्यांदा दाखवली. दिवे लागले.

पहिला हात हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाचा वर आला. तो नेहमीच पहिला असायचा. “सर, मला हे टोटली आयडेंटिटीबद्दल वाटलं. म्हणजे कॉर्पोरेटमध्ये आपण सगळे पुतळेच ना. आयडी घातला की माणूस संपला.”

“हे परीक्षण आहे की राजीनामा?” सर म्हणाले. लोक हसले. बाबाही हसले. मी बघत होते, ते इतरांपेक्षा थोडं उशिरा हसले.

मग शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बोलल्या. “मला बाई तो गेलेला वाटला. माणूस गेलाय आणि बायको अजून त्याचे शर्ट इस्त्री करून ठेवतेय. मला भरूनच आलं.”

“पुतळ्याला मारलंत आपण,” सर म्हणाले. “बरं, असू दे. शर्ट रिकामा आहे हे आपल्याला दिसलं, ते महत्त्वाचं.”

माझ्या बोटांत थोडी ऊब आली. आयडेंटिटी, मृत्यू, इथवर ठीक होतं. लोक पिंजऱ्याचं पारतंत्र्य करत होते. असंच चालू राहिलं तर चहापर्यंत निभावणार होतं.

तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले काका उभे राहिले. हे काका कवितेतलं काहीही मान्य करायचे नाहीत, चंद्राला चेहरा म्हटलं तरी हरकत घ्यायचे. “मला एक साधी शंका आहे. पुतळ्याला डबा कशाला? सगळं ठीक चाललंय, उभा आहे, शर्ट आहे, आत नेतात. पुतळा जेवत नाही. मग हा डबा कुणाचा?”

“शाबास,” सर म्हणाले आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात ‘डबा’ लिहिलं. “हे मी तुम्हाला सांगणारच होतो. ज्याची उपमा घेतली तो पुतळा. ज्याच्यासाठी घेतली तो दुसराच कोणीतरी. पाच ओळी त्याला नीट झाकलंय. सहाव्या ओळीत शिवण उसवली आणि आतला माणूस बाहेर डोकावला. पुतळा विसरा आता. डबा कुणाचा ते शोधा.”

मानेवर चट्टे उठलेले मला कळत होते. ओढणी होती, पण हात वर न्यायचा धीर नव्हता.

“आणि डबा नुसता नाही, धुतलेला!” शाळेच्या बाई म्हणाल्या. “आमच्या यांचा डबा सोमवारी सकाळी बॅगेतून निघायचा, शुक्रवारच्या भाजीसकट. धुतलेला आला असता तर मी दृष्ट काढली असती यांची.”

हॉल खदखदून हसला. आईही हसली. आणि मग आईने, जी अनोळखी लोकांत एरवी माझ्यासारखीच गप्प असते, हात थोडा वर करून सांगितलं, “आमच्याकडे येतो हो धुतलेला! दिवाळीपासून रोज. रबरसुद्धा काढून धुतात.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर कौतुकाने बाबांकडे बघत म्हणाले, “असा नवरा पुण्यात आहे आणि आम्हाला कळवत नाही कुणी! आपण कुठे असता?”

“हिंजवडीला,” बाबा म्हणाले.

“मग आपणच सांगा. माणूस डबा का धुतो?”

बाबांनी तोंड उघडायच्या आत आईनेच उत्साहाने सांगितलं, “त्यांच्या ऑफिसात गरम पाण्याची सोय केलीय ना आता.”

“लकी आहात, काका,” तो हिंजवडीचा मुलगा मागे वळून म्हणाला. “आमच्याकडे पॅन्ट्रीत डबे धुवायला बंदीच आहे. बोर्ड लावलाय. धुतला तर हाउसकीपिंगवाले वाट लावतात. कुठली कंपनी तुमची?”

त्याने सहज विचारलं होतं. बाबांनी जुन्या सवयीने कंपनीचं नाव सांगितलं.

“अरे, सेम बिल्डिंग! आम्ही चौथ्या मजल्यावर. पॅन्ट्री एकच आहे की.” तो हसत होता. मग हसणं कमी करत म्हणाला, “कदाचित तुमच्या मजल्यावर वेगळी असेल.”

आईने मान वळवून बाबांकडे बघितलं. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त आतून कुणी निघून गेल्यासारखं. मला ओरडून काहीतरी म्हणायचं होतं. ही कविता पुतळ्याचीच आहे म्हणायचं होतं. डबा हे रूपक आहे, स्मृतीचं, शुद्धीकरणाचं, कशाचंही, मी परीक्षेत लिहायचे तसं भराभर लिहून दिलं असतं. पण नियम होता, आणि नियम नसता तरी माझ्या घशातून आवाज निघाला नसता हे मला ठाऊक आहे.

“मी बोलू का?” बाबांनी विचारलं. ते उभे राहिले. बाकी कुणी इतकं व्यवस्थित उभं राहून बोललं नव्हतं. “मला कवितेतलं कळत नाही. मी टेस्टिंगवाला. पण मला यात काही अवघड दिसलं नाही. त्या माणसाची नोकरी गेलीय. घरी सांगायचं राहून गेलंय. तो रोज निघतो, कुठेतरी बसतो, डबा खातो.”

“धुतो का?” बँकेच्या काकांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नळ असतो तिथे,” बाबा म्हणाले. “आणि दुपारनंतर करायला काही उरत नाही. दिवसाकाठी एखादं काम तरी पुरं करून घरी जावं, म्हणून धुतो.”

ते पुढे फळ्याकडे बघून बोलत होते. आईकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, हे मला समोरून दिसत होतं. हॉलमध्ये फक्त आम्हा तिघांना माहीत होतं की हे रसग्रहण नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. शाळेच्या बाई “अगदी पटलं” म्हणाल्या.

सरांनी फळ्यावर ‘डबा’च्या खाली ‘नोकरी गेलेला माणूस’ लिहिलं. “फार सरळ वाचन. आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं. पण मग पुढचा प्रश्न येतो. इतकं सरळ होतं तर करणारीने सरळ का नाही सांगितलं? पुतळा कशाला मध्ये आणला?”

“भीती वाटली असेल तिला,” बाबा म्हणाले आणि बसले. बसल्यावर म्हणाले, “त्यालाही वाटत असेल.”

सरांचा हात फळ्यावर थांबला. त्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या महिन्यांत मी त्यांना कधी वाक्य न सापडलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी खडू ठेवला. “चहा घेऊया,” ते म्हणाले. मला शेवटी बोलायला द्यायचं होतं ते त्यांनी विचारलंही नाही.

“थांबा,” आई म्हणाली. “मला एक विचारायचंय.”

लोक उठता उठता थांबले.

“त्याच्या बायकोला कुणी सांगितलं?”

“फिल्ममध्ये ते नाहीये,” सर हळू आवाजात म्हणाले.

“तेच म्हणतेय मी,” आई म्हणाली आणि पर्स उचलली.

आम्ही चहाला थांबलो नाही. आई पुढे, तिच्या मागे मी, माझ्या मागे बाबा. जिना अरुंद होता आणि खालून तिच्या पावलांचा आवाज फार भरभर येत होता. मी मागे वळून वळून बघत होते. बाबा येताहेत ना, एवढंच. तिथून ते दुसऱ्या बाजूच्या गल्लीत शिरले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. ते येत होते. एका हाताने कठडा धरून, एखादं वय झालेलं माणूस उतरतं तसे.

रविवार असल्याने बरीच दुकानं बंद होती. एका बंद दुकानाच्या पायरीपाशी आई थांबली. मला वाटलं ती बाबांना बोलेल. तिने मला विचारलं.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“दोनेक महिने.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

माझ्याकडे उत्तर होतं. बाबा कोसळतील अशी भीती वाटली, हे उत्तर. पण बाबा तिथे उभे होते, कोसळलेले नव्हते, आणि त्यांच्यासमोर ते म्हणणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “मी कवितेत...”

“कवितेत,” आई म्हणाली. “खोलीभर परक्या माणसांना सांगितलंस. माइक लावून. त्यांना अर्थ लावायला बसवलंस. आणि मी तिथे टाळ्या घेत होते.”

“अगं, तिची काही चूक—” बाबा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. तुमचं मी नंतर बघणार आहे.” तिचा आवाज फाटला. “तुम्ही तर मला फळ्याकडे बघून सांगितलंत.”

एक स्कूटरवाला आम्हाला वळसा घालून गेला. आईने पदराने चेहरा पुसला, घाम पुसावा तसा. ती रडत होती का ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण मी तिच्या खांद्याकडे बघत होते. मला आतापर्यंत बाबांचीच भीती वाटत होती, म्हणजे बाबांच्यासाठी. आईला काय होईल याचा मी विचारच केला नव्हता. ती रोज सकाळी तो डबा भरत होती. माझ्या कवितेत भरणारं कुणी नव्हतं.

“पगार?” तिने बाबांना विचारलं.

“जे मिळालं निघताना, त्यातूनच...” बाबा म्हणाले. “अजून आहे.”

“जेवता तरी कुठे? उन्हात?”

“नाही. सावली असते.”

आई पायरीवर बसली. हिरवी साडी, धूळ, कशाचाही विचार न करता बसली. तिने मला हाताने शेजारी बसायला खुणावलं आणि मी बसले. बाबा उभेच राहिले.

“आता मला सांग,” ती म्हणाली. “तू काय बघितलंस, कुठे बघितलंस, सगळं. पुतळा नको, काही नको. जे झालं ते.”

माझ्या मानेवरचे चट्टे जळत होते. मी ओढणी काढून मांडीवर ठेवली. मराठीत इतकं सरळ वाक्य मी मोठ्याने कधी बोललेच नव्हते आणि पहिल्या शब्दापाशी इतकी थांबले की आईने माझं मनगट धरलं. तिचा हात माझ्याहून गार होता.

“मी रजा घेतली होती,” मी म्हटलं. “बुधवारी. मी देवळात पाणी प्यायला गेले तर बाबा—”

“बुधवार नसेल,” बाबा वरून म्हणाले. “बुधवारी तिथलं वाचनालय बंद असतं.”

“मग बुधवारी कुठे असता?” आईने विचारलं.

मग बाबाही आमच्या खालच्या पायरीवर बसून सांगायला लागले.